न उडालेले सुरुंग

खाणीत सकाळी सुरुंगांचा बार उडवला, त्यातला एक दगड उडाला आणि थेट सुरुंग लावणाऱ्या इंजिनियरच्या डोक्यात बसला. हेल्मेटचे दोन तुकडे झाले. बेशुद्ध इंजिनियरला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खाणीच्या ऑफिसात मागे राहिला त्याचा लॅपटॉप.

कुठल्या भोकांत दारू भरली, कुठली आधी उडवायची, कुठली नंतर, सगळं त्यातच होतं. खाणीत नेटवर्क नव्हतं, म्हणून तो फायली ऑफलाइन ठेवून काम करायचा. आजचा नकाशा हेड ऑफिसला अजून पोचलाच नव्हता.

वहिनीला बोलावणं गेलं. ती खाणीचे कॉम्प्युटर सांभाळायची. पोकलेन चालवणारा तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खी खाणच म्हणायची. तिने आपल्या लॉगिनने लॅपटॉप सुरू केला. फोल्डर दिसत होता, पण आत शिरू देत नव्हता. परवानगी नाही.

"फायली शाबूत आहेत," ती म्हणाली. "पण त्यांचा मालक इंजिनियर. मालकी माझ्याकडे घेतली की उघडतील. जरा धीर धरा."

"धीर?" मुकादमाने टेबलावर मूठ आपटली. "बाहेर ट्रकांची रांग लागलीय! बार उडाला, विषय संपला. चल रे, पोकलेन घाल."

दाराशी उभा असलेला दीर हलला नाही. "पूर्वेची दरड जागची हललेली नाही. तिथे भोकं पाडताना मी पाहिलंय. आत दारू असली तर माझ्या चिंध्या गोळा कराल. आधी नकाशा."

"बांगड्या भर!" म्हणत मुकादमाने लॅपटॉपवर झडप घातली. वहिनीने तो पोटाशी आवळला. त्याने तिच्या कानशिलात अशी हाणली की ती खुर्चीसकट भिंतीवर आदळली. ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं, पण लॅपटॉप काही तिने सोडला नाही.

दिराने कोपऱ्यातला पाना उचलला आणि मुकादमाच्या जबड्यावर घातला. हाड कडकन मोडलं. दोघे जमिनीवर लोळले, एकमेकांना बुक्क्या मारत, ओरबाडत. मुकादमाचा गुडघा दिराच्या पोटात बसला आणि दीर विव्हळत आडवा झाला. त्याच्या खिशातली पोकलेनची चावी ओरबाडून मुकादम रक्त थुंकत बाहेर पडला.

वहिनीची बोटं कीबोर्डवर घसरत होती. फायलींची मालकी एकेक करून बदलत गेली. अखेर नकाशा उघडला. पूर्वेची सगळी भोकं लाल होती, शेजारी लिहिलेलं: भरली आहेत, दुसऱ्या फेरीत उडवायची.

ती धावत सुटली. "थांबा! आत दारू आहे! उतरा खाली!"

इंजिनच्या घरघरीत मुकादमाला काही ऐकू आलं नाही. त्याने तिला पाहिलं मात्र. मोडक्या जबड्याने काहीतरी शिवी हासडली आणि बकेट दरडीत खुपसली.

जमीन फाटली. पोकलेन खेळण्यासारखी उलटी झाली, केबिन चेपली. वहिनी उताणी फेकली गेली, वरून दगडांचा मारा सुरू झाला. धूळ बसली तेव्हा तिच्या मागोमाग ऑफिसातून निघालेला दीर रांगत तिच्यापर्यंत पोचला होता, तिच्यावर आडवा पडून होता. त्याची पाठ सोलून निघाली होती.

मुकादमाला पत्रा कापून काढावं लागलं. तो गेला होता. मारामारीबद्दल दिरावर केस झाली; वहिनीने घडलं ते लपवलं नाही, आपला फाटका ओठही दाखवला. दीर जामिनावर सुटला.

इंजिनियर शुद्धीवर आला त्या दिवशी ती भेटायला गेली. त्याने विचारलं, "दुसरी फेरी उडवली का?"

वहिनी म्हणाली, "उडाली."