तिचं नेहमीचंच

मनगटावरची प्लास्टिकची पट्टी अजून तशीच होती. इस्पितळातून घरी येऊन बरेच दिवस झाले, तरी तिने ती कापली नव्हती, कुणाला कापू दिली नव्हती. आंघोळीच्या पाण्याने तिचं नाव पार पुसट झालेलं, आणि त्याखालचं नवऱ्याचं नाव मात्र ठळक... पाण्यालाही माणसं कळत असावीत, असं मनात येऊन तिला कडवट हसू आलं.

बाहेर नवरा विमा कंपनीच्या फोनवर ताटकळत होता. कंपनीने दावा नाकारला होता. म्हणे, आजार पॉलिसी घेण्याआधीचा, आणि तो लपवला. हृदयाची एक रक्तवाहिनी मोकळी केली होती, एक राहिली होती; दावा मंजूर झाल्याशिवाय त्या राहिलेल्या वाहिनीचा विचार करायची या घराची ऐपत नव्हती. छातीत ती अडलेली वाट घेऊन ती पलंगावर बसून होती.

लपवला — कुणी? तिला तो डॉक्टर आठवला, तरुण, डोळ्यांत झोप. वाकून विचारत होता, "मावशी, कधीपासून दुखतंय?" तिने श्वास गोळा केला होता — गेल्या वर्षीपासून, जिना चढताना, कुणाला बोलले नाही... आणि तेवढ्यात खाटेच्या पायथ्याकडून नवऱ्याचा आवाज आला, "तिचं नेहमीचंच आहे हो. पाच-सात वर्षं झाली." उचलली जीभ लावली टाळ्याला! पॉलिसी तर तीन वर्षांपूर्वीची. डॉक्टरने लिहून घेतलं. त्याचं काय चुकलं? पाहुण्यांनी विचारलं, हॉटेलातल्या वेटरने विचारलं, तरी माझ्या वतीने उत्तर देणारा माणूस ठरलेलाच. डोकं दुखलं, कंबर धरली, भिंतीकडे तोंड करून रडले — नेहमीचंच. घरात चालत आलेला शब्द कंपनीने उचलला, एवढंच.

दुपारी मुलगी आली. तिने कागद पलंगावरच पसरले.

"बाबा, नाकारलं म्हणजे संपलं नाही. कारण मागायचा आपल्याला हक्क आहे. लपवलं हे त्यांनी सिद्ध करायचं, आपण नाही. आधी त्यांच्या तक्रार कक्षाकडे जायचं, तिथे नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे."

"मग कर की तक्रार."

"करतेय. पण तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

"मी काय लिहू?"

"आईच्या दुखण्याबद्दल तुम्हाला काही माहीत नव्हतं. अंदाजाने बोललात."

तो कानापर्यंत लाल झाला. जन्मभर नाकाने कांदे सोलणारा माणूस, पण पेन घेतलं, खाली मान घालून लिहिलं, आणि विजेचं बिल वाचावं तसं वाचून दाखवलं — "माझ्या पत्नीच्या दुखण्याविषयी मला काहीही माहिती नसताना मी उत्तर दिले."

"बरोबर आहे ना गं?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

लग्नानंतर त्याने तिच्याविषयी लिहिलेलं पहिलं खरं वाक्य, आणि तेही कंपनीच्या नावे. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं की आत थंडावा येईल. तसलं काही झालं नाही. उलट राग आला, की हे कबूल करायला याला दाव्याची गरज पडली. बायको पुरली नाही.

"आता तुझं," मुलीने कोरा कागद पुढे ओढला. "कधीपासून दुखतंय, आई? तुझ्या शब्दांत सांग."

नवऱ्याने तोंड उघडलं. मुलीने नुसतं पाहिलं. त्याने मिटलं.

खोली गप्प झाली. हीच शांतता तिला हवी होती, कैक वर्षं... कुणीतरी विचारावं आणि मध्ये कुणी बोलू नये. उत्तरही ठाऊक होतं — गेल्या वर्षीपासून, जिना चढताना. तिने तोंड उघडलं, आणि जिभेवर सगळ्यात आधी आलं ते त्याचंच: काही नाही गं, नेहमीचंच...

तिने दात आवळले. मुलीचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. मनगटावरची पट्टी गोल गोल फिरवत, त्या शब्दामागे आपलं स्वतःचं काही शिल्लक आहे का, ते ती चाचपत राहिली.