खोट्या गवतावरचा डाव

कडक केसांच्या झाडूने लोरेटा गवतात वाळू घोळवत होती. गवत प्लॅस्टिकचं. बुडाशी वाळू नीट बसली नाही तर पाती आडवी पडतात, हे तिच्या नवऱ्याने, ग्लेनने, तिला सकाळपासून ऐकवून ऐकवून बेजार केलं होतं. घराची भिंत आणि कुंपण यांच्यामधली ही लांबोडकी पट्टी आजवर कुठल्याच कामाची नव्हती. कचऱ्याचे डबे आणि वाळकं तण, बस. आता तिथे खडी ठोकून बसवली होती, चारी कडांना जाड फळ्या उभ्या केल्या होत्या आणि मध्ये हिरवंगार अंथरलं होतं. बोच्चे हा इटालियन चेंडूंचा खेळ खेळायला अशीच जागा लागते, अरुंद आणि लांब.

पुढच्या बाजूला पिकअपचं दार आपटलं.

“आले,” ग्लेन म्हणाला. “लक्षात ठेव, ही सगळी माझी हौस आहे.”

“तुला खोटं बोलता येत नाही. तू गप्पच राहा.”

भिंतीला हात लावत लावत तिचे वडील अमादेओ कोपऱ्यावरून वळले. लोरेटाची आई गेल्यापासून ते लोडी गावातल्या घरात एकटेच राहत. जानेवारीत न्हाणीघरात पडले. फोन उचलेनात म्हणून लोरेटा धावत गेली, तर गार फरशीवर पाय मुडपून बसलेले. वर “उठतच होतो” म्हणाले. त्यानंतर तिने “आमच्याकडे राहायला या” एवढंच म्हटलं, तर त्यांनी फोन ठेवला आणि थेट ईस्टरपर्यंत अबोला धरला. पुन्हा तो विषय काढायची तिची छाती झाली नाही. त्याऐवजी तिने त्यांच्या आवडीच्या खेळासाठी हे अंगण उकरायला घेतलं.

“हे काय?” अमादेओंनी बुटाच्या टोकाने गवत डिवचलं.

“बोच्चेचं कोर्ट, पपा. ग्लेनला शिकायचंय.”

“याला? याला अजून पत्ते पिसता येत नाहीत.”

ग्लेनने इमानेइतबारे मान खाली घातली.

“आणि लोरी, असली पायपुसणी दातांच्या डॉक्टरच्या दारात असतात.”

“याला पाणी लागत नाही, पपा.”

“मेलेल्या माणसालाही लागत नाही.”

तरी ग्लेनने नवे चेंडू आणले तेव्हा त्यांनी एक उचललाच. तळव्यावर तोलला. लहान पांढरा चेंडू दूर फेकायचा आणि मोठा त्याच्या जितक्या जवळ नेता येईल तितका न्यायचा, खेळ एवढाच. ते गुडघ्यात वाकले तशी लोरेटा एक पाऊल पुढे सरली आणि थांबली. चेंडू सरळ गेला, पांढऱ्याला ओलांडून पुढे जाऊन थांबला. ग्लेनचा फळीवर आपटला. असं थोडा वेळ चाललं. मग अमादेओंनी हातातला चेंडू खाली ठेवला आणि तळवे पँटला पुसले.

“चांगलं केलंयस. पण मी काही खुळा नाही, लोरी. कोर्ट तर लोडीतही आहे, क्लबाच्या मागे. कुलूप असतं, पण किल्ली मिळते. खेळायचं कोणाशी? नीनो गेला, अल्दो गेला, त्या बुटक्या पियेत्रोला मुलाने टेक्सासला नेलं. एकट्याने बोच्चे खेळतात होय?”

खडी, फळ्या, उतार, सगळ्याचा विचार लोरेटाने केला होता. याचा केला नव्हता.

“चला, जेवून घेऊ,” ती म्हणाली.

“जोरात टाकता,” कुंपणावरून आवाज आला.

पलीकडच्या संधूंच्या आई, बीजी. पांढरी ओढणी आणि कुंपणावर टेकवलेली हनुवटी. मुलगा-सून कामाला गेले की त्या दिवसभर भाज्यांच्या वाफ्यात असत. लोरेटाला त्यांच्याकडून आजवर पालकाच्या जुड्या मिळाल्या होत्या, शब्द फारसे नाहीत.

“गवत गुळगुळीत. हळू टाका.”

“बोच्चे कधी पाहिलंय का म्हणावं यांनी!” अमादेओ लेकीकडे बघत म्हणाले.

“नाही,” बीजी खुशीत म्हणाल्या. “आत्ताच पाहिलं. सोपं आहे.”

“सोपं?” अमादेओंचे कान लाल झाले. “या की मग इकडे.”

त्या फाटकातून वळसा घालून आल्या, कडेला चपला काढल्या आणि अनवाणी गवतावर उभ्या राहिल्या. पहिला चेंडू धाडकन फळीवर.

“सोपं, नाही का?” अमादेओ म्हणाले.

दुसऱ्या वेळी त्या नीट वाकल्या आणि हातातून कोंबडीचं पिल्लू सोडावं तसा चेंडू सोडला. तो रमतगमत गेला आणि पांढऱ्याला चिकटून थांबला. अमादेओ शेवटपर्यंत चालत गेले. वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“नशीब,” ते म्हणाले.

“हो. परत?”

आत लझान्या गार होत गेलं. कोणाचा चेंडू जवळ यावरून वाद झाला, तशी बीजींनी ओढणीच्या टोकाने अंतर मापलं.

“ओढणी ताणली की वाढते!” अमादेओ गरजले आणि त्यांनी कमरेचा पट्टा उपसला. निवाडा ग्लेनवर सोपवला, आणि त्याने काहीही सांगितलं तरी दोघंही त्याच्यावरच डाफरायला लागली. कुठल्याशा डावाला वडील मोठ्याने हसले. लोरेटाने मान वळवून कुंपणाकडे बघितलं.

ऊन कलल्यावर बीजींनी चपला चढवल्या. “उद्या गुरुद्वारा. सोमवारी या.”

“सोमवारी,” अमादेओ म्हणाले. “सकाळी. पळून जाऊ नका.”

त्या गेल्यावर ते फळीच्या कडेवर टेकले, पट्टा मांडीवर. लोरेटाने पाणी आणून दिलं.

“सोमवारी मी न्यायला येते, पपा.”

“कशाला? आज जायचं, परवा परत यायचं. फुकटची यातायात.” ते सावकाश पाणी प्यायले. “ग्लेनला पाठव. माझ्या गोळ्या स्वयंपाकघरात खिडकीशी आहेत. आणि उशी आण म्हणावं. तुमच्या उशांनी मान धरते.”

तिने त्यांच्या हातातला रिकामा ग्लास घेतला. जास्त काही विचारलं तर सगळं फिसकटेल, असं तिला वाटलं.

“तुमची उशी. एवढंच ना?”

अमादेओ उभे राहून पट्टा ओवायला लागले. पँटचा मागचा एक बंद हुकला. त्यांनी पट्टा ओढून काढला, पुन्हा ओवला.

“दोन्ही आण म्हणावं,” ते म्हणाले. “तुझ्या आईचीपण.”