हात मागे

सून नेमकी कसली नोकरी करते, हे सासूबाईंना काही केल्या कळत नव्हतं. संस्था त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. आजारी माणसांना चाकांची खुर्ची, कुबड्या, वर-खाली होणारी खाट असं सगळं गरज असेल तोवर फुकट वापरायला देणारी. सासूबाई स्वतः दर गुरुवारी तिथल्या कोठीत बसून आल्या-गेल्या वस्तूंची नोंद ठेवायच्या. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सून जे काही करायची, ते त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"तू कॉम्प्युटरचे ते प्रोग्राम लिहितेस का?"

"नाही आई, ते टीममधली मुलं लिहितात."

"मग तू त्यांची साहेब?"

"छे! मी कोच. त्यांचं त्यांना जमावं, एवढं बघते. सकाळी आम्ही उभ्याने बैठक घेतो..."

"उभ्याने बैठक!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि त्यात तू काय बोलतेस?"

"शक्यतो काहीच नाही."

झालं! त्या दिवसापासून कुणा शेजारणीने विचारलं की सासूबाईंचं उत्तर तयार असायचं. "आमच्या सुनेला गप्प बसायचा पगार मिळतो." नवऱ्यानेही आईचा हा विनोद उचलून धरला. पाहुण्यांसमोर तर त्याला भलताच ऊत यायचा.

आता गप्प बसणं किती अवघड, हे ज्याने बसून पाहिलंय त्यालाच ठाऊक. सून या संस्थेत आली तेव्हा टीममधली पाचही मुलं सकाळी उभी राहायची आणि तिच्या तोंडाकडे बघून कालचं काम सांगायची, बाईंना पाढे म्हणून दाखवावेत तसं. एकमेकांना कुणी काही सांगतच नसे. मग तिने एक युक्ती काढली. बैठक सुरू झाली की ती खिडकीशी जायची, चष्मा काढायची आणि पुसत उभी राहायची. पाठमोऱ्या बाईला मुलं किती दिवस सांगणार? हळूहळू ती एकमेकांकडे वळली. त्या काळात तिच्या चष्म्याइतकी स्वच्छ वस्तू अख्ख्या इमारतीत दुसरी नव्हती.

टीममध्ये एक मुलगी होती, तिला सगळे तोफ म्हणायचे. ती सुरू झाली की बाकीच्यांना सुट्टी. आणि एक होता घुमा. काम सोन्यासारखं, पण तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागायची. चुकलेलं दिसत असूनही तो बोलायचा नाही, आणि मग सगळे मिळून खड्ड्यात. अलीकडे मात्र तो सकाळच्या बैठकीत एखादं वाक्य बोलायला लागला होता. ते ऐकलं की तिला दिवसभर बरं वाटायचं.

दर दोन आठवड्यांनी झालेलं काम सगळ्यांना दाखवायचं, तेव्हा तिचा एकच कायदा असे. प्रोग्राम वापरणाऱ्याने स्वतः चालवून बघायचा. टीमने मागे उभं राहायचं, हात पाठीमागे. बोट दाखवायचं नाही, 'इथे दाबा' म्हणायचं नाही. माणूस अडला तर तो का अडला, हे डोळे उघडे ठेवून बघायचं.

संस्थेचे संचालक मनाने भले, पण उतावळे. कोठीच्या नोंदींचा नवा प्रोग्राम अमक्या गुरुवारी सगळ्या शाखांत सुरू होणार, असं त्यांनी परस्पर कळवूनही टाकलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"ताई, तुमची पद्धत चांगली असेलही. पण यात जाब कुणाला विचारायचा, तेच मला कळत नाही. उद्या गोंधळ झाला तर मी टीमवर एक मॅनेजर बसवणार. तो कामं वाटून देईल, मुलं निमूट करतील. मग कोचची गरज उरणार नाही."

नोकरी काय, तिला दुसरीकडेही मिळाली असती. पण कामं वाटणारा आला की घुम्याच्या तोंडाला पुन्हा कुलूप लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्या विचाराने तिला जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी प्रोग्राम चालवून बघायला टीमने कुणाला बोलवावं? खालच्या कोठीतल्या आजींना! म्हणजे तिच्या सासूबाईंना.

सासूबाई चष्मा नाकावर बसवून पडद्यासमोर बसल्या. बाजूला संचालक. मागे पाच मुलं आणि कोच, सगळ्यांचे हात पाठीमागे. एक कुबडी देऊन झाली, एक खाट देऊन झाली. सगळं सुरळीत चाललं. संचालकांनी समाधानाने मान डोलावली.

"आता सकाळी परत आलेली खुर्ची नोंदवते," सासूबाई म्हणाल्या. पडद्यावर प्रश्न आला, खुर्ची परत का आली? खाली तीन उत्तरं. रुग्ण बरा झाला. खुर्ची बिघडली. दुसरी हवी आहे. एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

सासूबाईंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. "अगं, सांग ना. काय दाबू?"

सुनेने पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरला.

"आजी, 'बरा झाला' दाबा आणि पुढे चला," संचालक म्हणाले. "दाखवण्यापुरतंच आहे."

"असं कसं दाबू? तो माणूस गेला हो. त्याची बायको सकाळी स्वतः खुर्ची घेऊन आली. लख्ख पुसून, चाकांना तेल घालून. तिचं रडणं ऐकलं, आणि आता बरा झाला म्हणून लिहू?"

पाचही पोरं तरुण. बिघाड सुचला होता, बदली सुचली होती, मरण कुणालाच सुचलं नव्हतं. कोचलाही नाही.

"दाबू नका, आजी."

घुमा बोलला होता. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, पण आवाज स्पष्ट. "चूक तुमची नाही, आमची आहे. सर, हे असंच्या असं सुरू करायला मी तयार नाही."

संचालक थेट तिच्याकडे वळले. "ताई, तुम्ही निर्णय द्या. आज सुरू करायचं की नाही?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. एक वाक्य टाकलं असतं तर वेळ निभावली असती, टीमचीही आणि तिचीही. तिने चष्मा काढला, खिडकीकडे वळली आणि पुसायला लागली.

मग तोफ धडाडली, "चौथं उत्तर टाकू या. मृत्यू."

"आणि त्या बायकोसमोर आजींनी ते निवडायचं?" घुमा म्हणाला.

तोफ चक्क थांबली. "मग काय करायचं?"

"प्रश्नच काढून टाकू. खुर्ची परत आली, पुढच्याला देता येईल. कोठीला एवढंच हवंय. हा प्रश्न मागितला कुणी होता?"

"मी," संचालक हळूच म्हणाले. "अहवालात किती रुग्ण बरे झाले ते छापायला." थोडं थांबून म्हणाले, "काढा तो. पण आज होईल?"

तिने खिडकीच्या काचेत पाहिलं. घुम्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने तोफेकडे पाहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं, माना हलल्या. "दुपारी आजींनी परत करून बघावं. त्या हो म्हणाल्या तरच सुरू."

तिचा ऊर भरून आला. आपल्याला कुणी काहीच विचारलं नाही, याचा इतका अभिमान तिला जन्मात कधी वाटला नव्हता. चष्मा आधीच हातात होता, ते बरं झालं.

दुपारी सासूबाईंनी 'परत आली' एवढंच दाबलं आणि खुर्ची कोठीत जमा झाली. त्या हो म्हणाल्या. संचालक जाताना दारात तिच्यापाशी थांबले. "जाब कुणाला विचारायचा, म्हणत होतो ना? मी विचारायच्या आत त्या पोराने देऊन टाकला. मॅनेजरचं राहू द्या."

संध्याकाळी सासू-सून बरोबरच घरी निघाल्या. घराच्या जिन्यात शेजारीण भेटली. आपल्या भाच्याला कुठे तरी नोकरी हवी होती, म्हणून तिने विचारलं, "तुमची सून नक्की काय करते हो?"

सून मनातल्या मनात म्हणाली, झालं, आला विनोद.

"आमच्या सुनेला गप्प बसायचा पगार मिळतो," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन त्या पुढची पायरी चढल्या. "आणि आज डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, फार कमी मिळतो."