चौकटीवरची मोहर

आमच्या घराचं माळवद बसलं तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी अंगरख्याला बाह्या लावत होतो. आई मागच्या आडावर होती आणि बायको मुक्ता पहिल्या बाळंतपणाला जवळच्याच पाली गावी माहेरी गेलेली, म्हणून कुणी दबलं नाही. बीडमधल्या आमच्या त्या जागेला तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती; चौथी, गल्लीकडची भिंत माळवदाबरोबर कोसळली आणि ती बाजू उघडी पडली. माती उपसली, आडाजवळ तुराट्यांचं छप्पर घातलं आणि आम्ही मायलेक त्यात राहू लागलो. पंधरा दिवसांनी पालीहून निरोप आला, मुलगी झाली. आई म्हणाली, "आता घर पायजे. माझी नात पयल्यांदा येईल ती दारातून येईल."

हे तिचं बोलणं मी साधं समजलो. तिथंच माझं चुकलं.

पूर्वी घर बांधायचं म्हणजे गवंड्याला हाक मारायची. आता गल्लीच्या कडेला भिंत घ्यायची तर कचेरीची इजाजत लागायची. अर्ज उर्दूत, सोबत नकाशा. अर्ज लिहून घेऊन मी कचेरीत गेलो. तिथले पेशकारसाहेब, म्हणजे वरच्या साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून, इतके अदबशीर, की माणसाला रागवायला जागा म्हणून सापडू नये. आपल्या डब्यातलं पान माझ्यापुढे धरून म्हणाले, "बैठो आसारामजी. हुकूम निघेल, जरूर निघेल. जरा सब्र करा."

सगळा चैत्र सब्रात गेला. वैशाखात जोशीबुवांनी पंचांग उघडलं आणि सांगितलं, चौकट बसवायला या पंधरवड्यात एकच दिवस आहे, तो हुकला तर थेट मार्गशीर्ष. आमच्याकडे घराची सुरुवात चौकटीपासून होते. आधी दाराची चौकट उभी करायची, तिची पूजा करायची, मग तिच्या दोन्ही अंगांनी भिंती चढवायच्या. मी म्हणालो, "हुकूम तर येऊ दे."

"हुकूम भितीला लागतो," आई म्हणाली. "चौकट काय भित हाय व्हय? पूजा हाय ती. पूजा कराया कचेरीला कावून इचारायचं?"

खरं सांगतो, मलाही ते पटलं. त्रिंबक सुतारानं सागाची चौकट आणली, गल्लीच्या कडेला मधोमध दोन खड्डे खणून उभी केली. हळदकुंकू वाहिलं, आंब्याची डहाळी बांधली, नारळ फोडला. आजूबाजूला भिंत नाही, वर छत नाही आणि मधेच एक दार! गल्लीतली माणसं थांबून बघायची आणि हसायची. आईला त्याचं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून ती उंबऱ्याला हात लावून चौकटीतूनच जायची-यायची. मी एकदा घाईत बाजूनं शिरलो तर खेकसली, "पुजलेलं दार सोडून बाजूनं शिरतो त्यो चोर!"

ज्येष्ठात कचेरीचा मोजणीदार जागा बघायला आला. चौकट बघितली, मापाची साखळीसुद्धा न उलगडता परत गेला. दुसऱ्या दिवशी आश्रुबा चपराशी आला. हातात लाल दोरा, लाख आणि कचेरीची मोहर. त्यानं चौकटीत तो दोरा आडवा-उभा ताणला, बाज विणावी तसा, आणि चारी कोपऱ्यांत लाख वितळवून मोहरा उठवल्या. आई आत छपरापुढे भाकरी थापत होती.

मी कचेरीत धावलो. पेशकारसाहेबांनी पान दिलं.

"इजाजतीच्या अगोदर तुम्ही बांधकाम केलं," ते हळहळून म्हणाले. "आता तुमच्या कागदांच्या मिसली दोन झाल्या. एक इजाजतीची, एक गुन्ह्याची. दुसरीचा फैसला होईपर्यंत पहिली हलत नाही."

"मग काढून टाकतो चौकट."

"तौबा! सबूत आहे तो. सबूत हलवला तर तिसरी मिसल होईल."

"साहेब, दोरा तरी सोडवा. माणसांनी यावं-जावं कसं?"

"दारातून ये-जा झाली की ते घर झालं. घर झालं की बांधकाम पुरं झालं. बाजूनं जा ना! जमीन तुमचीच तर आहे."

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी न्हाई जायची बाजूनं."

"माय, तिथं भित न्हाई! मोकळी जागा हाय नुसती!"

"तुला दिसत न्हाई. मला दिसती."

झालं. त्या दिवसापासून आई आत अडकली. आड होता, चूल होती, पीठमीठ मी आणून द्यायचो, म्हणून दिवस निघत होते. गल्लीतल्या बाया दोऱ्यापलीकडे उभ्या राहून तिच्याशी बोलायच्या. भर पावसात छप्पर गळलं, पण शेजारी चंद्रभागाबाई बोलवत असताना ही दहा पावलं चालून गेली नाही. मी मात्र रोज सकाळी चौकटीच्या बाजूनं दुकानाला जायचो. मी निघालो की ती मागच्या भिंतीकडे तोंड फिरवायची, आणि मी गल्लीत पोचेपर्यंत फिरवलेलंच ठेवायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

किती वेळा कात्री घेऊन त्या चौकटीपुढे उभा राहिलो! मी शिंपी, दोरा कापायला मला वेळ तो किती लागणार? पण मोहर तुटली तर कैद होईल, असं आश्रुबानं बजावलं होतं, आणि मी कैदेत गेलो तर आईला पीठ कोण आणून देणार? कात्री घेऊन परत दुकानात यायचो आणि गिऱ्हाइकांवर डाफरायचो. दर आठवड्याला कचेरीत जायचो, पान खायचो, सब्र घेऊन यायचो. त्या पावसाळ्यात माझे दात लाल झाले, दुसरं काही झालं नाही.

भाद्रपदात उघडीप बघून माझे सासरे बंकटराव मुक्ताला आणि पोरीला गाडीत घालून घेऊन आले. पोरीचं नाव पालीलाच ठेवलं होतं, छबु. सहा महिन्यांची झाली होती. मुक्ता चौकटीसमोर उभी राहिली, आतल्या अंगाला आई आली. मधे तो लाल दोरा.

"आत्याबाई, आनू का हिला बाजूनं?" मुक्तानं विचारलं. "कोन बघतंय?"

"न्हाई गं बाई. तिचं पयलं पाऊल हाय. चोरावानी नगं."

आईनं दोऱ्याच्या विणीतून एक बोट बाहेर काढलं. छबुनं ते मुठीत धरलं आणि पोरं ओढतात तसं जोरात ओढलं. दोरा ताणला, कोपऱ्यातली लाख कर्रकन वाजली. आईनं बोट झटकन मागं घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"घिऊन जा तिला," ती म्हणाली. "माझ्यापायी लेक कैदेत जाईल."

छबु रडायला लागली. गाडी वळली तेव्हाही तिचं रडणं ऐकू येत होतं. आई त्या दिवशी जेवली नाही. मी दुकानात जाऊन बसलो आणि मशीनवर डोकं टेकून रडलो.

कार्तिकात हुकूम निघाला. पेशकारसाहेबांनी तो उभं राहून वाचून दाखवला. "मुबारक, आसारामजी! गुन्हा माफ झाला. मोहर आजच काढतील. चौकट तीन दिवसांत उखडायची, मग नवा अर्ज द्यायचा."

"आन् आधीचा अर्ज?"

"तो त्या चौकटीच्या घराचा होता. ती चौकटच राहिली नाही तर तो अर्ज कशाचा?"

मी ओरडायला तोंड उघडलं. त्यांनी पान पुढे केलं. मी ते घेतलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुपारी आश्रुबानं दोरा कापला. मी आईला हुकूम सांगितला, तीन दिवस, नंतर चौकट नाही. मला वाटलं, पाच महिन्यांनी दार मोकळं झालंय, आधी बाहेर पडेल. ती जागची हलली नाही. "माझं काय," म्हणाली. "दीस तीनच हायेत. तू पालीला जा."

मी तसाच चालत निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताला आणि छबुला घेऊन आलो. आईनं जमीन सारवली होती, उंबऱ्यापुढे रांगोळी काढली होती. तिनं पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. मुक्तानं छबुच्या काखांत हात घालून तिची पावलं उंबऱ्याला टेकवली आणि आत घेतली. आईनं नातीला उचललं, छातीशी धरलं आणि एवढी हसली, की गल्लीतली माणसं पुन्हा जमली.

ते दोन दिवस आम्ही सगळे त्या चौकटीतून उगीचच जात-येत होतो. आई छबुला कडेवर घेऊन चंद्रभागाबाईंकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी त्रिंबकनं चौकट उखडली आणि ती आडाजवळ आडवी ठेवली. आईनं त्याला खड्डे बुजवू दिले नाहीत.

चौथ्या दिवशी नवा अर्ज खिशात घालून मी कचेरीला निघालो. समोर सगळं मोकळं होतं, कुठूनही जाता आलं असतं. मी वळसा घालून त्या दोन खड्ड्यांपाशी आलो, मधे वाकलो, उंबरा होता तिथल्या मातीला हात लावला आणि त्यांच्या मधून गल्लीत उतरलो. मागं वळून बघितलं. आई छबुला मांडीवर घेऊन छपरात बसली होती. आज तिनं तोंड फिरवलं नव्हतं.