देवीच्या पाण्यात गेलेली होडी

मित्रांनो, तळ्याच्या काठी करवंदीच्या जाळीत उपडी पडलेली दिसते ना, ती मी. एक जुनी होडी. मालवणहून वर डोंगरात आलात की हे तळं लागतं. समुद्रातल्या होड्या मला डबक्यातली म्हणून हसतील. खुशाल हसोत! मी अस्सल फणसाच्या लाकडाची आहे.

मला बाबलीने घडवलं. फळ्या काथ्याने शिवल्या, फटी बुजवल्या आणि दर वर्षी काजूच्या बियांचं तेल पाजून मला काळीभोर केलं. त्याची बायको शेवंती त्याला चिडवायची, "माज्या केसांक कदी असा तेल लावलंस रे? हीच तुजी खरी बायल!" ते ऐकून मी मनातल्या मनात फुलून जायचे.

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठचे ते दिवस. मुंबईचे साहेबलोक इथे हौसेने गळ टाकून मासे गरवायला येत आणि बाबली त्यांचा वाटाड्या असे. कुठल्या सावलीत मासा बसतो, वारा फिरला की कुठे सरकतो, ते तो दाखवी. एक कोपरा मात्र तो टाळायचा. तिथे सातेरीदेवीच्या देवळाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथले मोठाले खडस मासे देवीचे. नैवेद्याचा भात खाऊन ते इतके माणसाळलेले, की पाण्यावर काहीही पडलं तरी तोंड वर काढत. त्या पाण्यात गळ टाकायचा नाही, होडीसुद्धा न्यायची नाही, हा गावाचा नेम होता.

एका सकाळी टिपणीस साहेब स्वतः जीप हाकत आले. ते काश्मीरात नवीच तऱ्हा शिकून आले होते. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, लवचिक काठीने दोरी हवेत मागेपुढे नाचवायची आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. बघायला मोठं सुरेख! पण आमच्या माशांना ती माशी काही पटेना. ऊन चढलं, तरी साहेबांची काठी रिकामीच.

इतक्यात काठावरून बाबलीची बहीण सुगंधा ऊर फुटेस्तोवर ओरडली, "दादा, रे दादा! वयनी अडली! सुईण म्हणता, आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे व्हरूक होयी!"

बाबलीचं वल्हं हातातच राहिलं. गावात दुसरी गाडी नव्हती. त्याने हात जोडले. "साहेब, माझी बायको अडलीय. तुमच्या जीपमधून मालवणला नेऊया. उपकार होतील."

"नेऊ की," साहेब म्हणाले, त्यांची नजर पाण्यावरच. "बाळंतपणाला वेळ लागतोच रे. एवढा लांबून आलोय, एक मासा लागू दे."

बाबलीने पुन्हा विनवलं. पुन्हा तेच उत्तर. मी मनात ओरडत होते, अरे, वळव मला! पण जीप साहेबांची, किल्ली त्यांच्या खिशात. त्यांना रागावून काठाला नेलं आणि ते नाहीच म्हणाले तर? सुगंधा काठावर कपाळ बडवत होती. साहेब एकेक फेक करत होते आणि दर फेकीला बाबलीचा चेहरा आणखी काळवंडत होता.

मग त्याने मला वळवलं ते थेट पायऱ्यांकडे. "सातेरी आये, पाप माज्या माथ्यार घाल," तो पुटपुटला, "तिका सोडव."

पहिल्याच फेकीला भला थोरला खडस लागला. साहेब लहान मुलासारखे हसले. तो मासा माझ्या तळाशी तडफडत होता आणि बाबली त्याच्याकडे न बघता जिवाच्या आकांताने वल्हवत होता. साहेबांनी शब्द पाळला. शेवंतीला घेऊन जीप घाट उतरून गेली.

शेवंती परत आली, पण रिकाम्या हातांनी. मूल पोटातच गेलं होतं. आणखी थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. गाव म्हणालं, देवीचा मासा घेतला, देवीने पोर घेतलं. आणि बाबलीला गावाचंच पटलं. त्याने मला ओढत इथे आणून उपडी घातलं. पुन्हा तेलाचा हात माझ्यावर फिरला नाही.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी बाबलीला किंचाळून सांगितलं असतं, की देवीचा मासा तर पहिल्याच फेकीला लागला. आधीच्या किती फेकी वाया गेल्या, ते आठव! पण लाकडाचं कोण ऐकतं?

एकदा शेवंती माझ्याशेजारी येऊन बसली. पाठोपाठ बाबलीही आला. ती म्हणाली, "देवी कित्याक व्हरात माजा पोर? उशीर झालो रे, तेवढाच."

बाबलीने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आता मला वाळवी लागली आहे. मला तेल लावा, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्याची वेळ गेली. माझं मागणं निराळं आहे. कधी गरवायला गेलात आणि काठावरून कोणी जिवाच्या आकांताने हाक मारली, तर गळ पाण्यातून काढा आणि होडी वळवा. लगेच वळवा.