शेंदऱ्याचा दवाखाना

मी एक जुना निळा टब आहे. काठाला टवका, तळाला चीर आणि बोलायला तोंड नाही, एवढीच माझी मिळकत. पहिल्या दोन गोष्टींचं मला फारसं काही वाटत नाही, मित्रांनो. तिसरीने मात्र उभा जन्म जाळला.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून निघालो आणि या घरात आलो, तेव्हा धाकटी नुकतीच जन्मली होती. आई माझ्यात पाणी ओतायची, कोपर बुडवून त्याची ऊब बघायची आणि बाळाला न्हाऊ घालताना गुणगुणायची:

पाणी कोमट कोमट, बाळ हसते न्हाताना,
तुझ्या डोळ्यांतला फेस लागो माझिया डोळ्यांना.

किती जपायची सगळी मला! पण बाळ मोठं झालं आणि माझ्या वाट्याला मळके मोजे आले. एकदा बाबांच्या हातून निसटलो, तळाला केसाएवढी चीर गेली. दिवसभरात तिच्यातून वाटीभर पाणीही जात नसे, पण नाव पडलं ते पडलंच. दर आवराआवरीला मी जिन्याखालून ऐकायचो, "अहो, तो गळका टब टाका ना एकदाचा!"

मग शेंदऱ्या जखमी झाला. शेंदऱ्या म्हणजे धाकटीचा लाडका मासा, काचेच्या टाकीत राहणारा. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतात. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून झटणाऱ्या या माणसाने टाकीत शोभेचा दगडी किल्ला ठेवला, तो धारदार कडांचा! शेंदऱ्याची शेपटी फाटली, कुशीचे खवले निघाले आणि जखमेवर कापसासारखं पांढरं काही धरू लागलं. मासे विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं, "वेगळ्या पाण्यात ठेवा. चमचाभर खडेमीठ टाका, तेही एकदाच. आणि त्याला जरा निवांत राहू द्या."

गळका टब असा एकदम दवाखाना झाला. मला काळ्या स्टुलावर बसवलं, टाकीतलंच पाणी भरलं, हवेची नळी सोडली. आईने चमचाभर मीठ घातलं. झालं. संपलं. पण संपेल ते हे घर कसलं!

बाबा दुकानातून आले. "कोणी मीठ घातलं नसणार. मी केल्याशिवाय इथे काही होतं का?" असं पुटपुटत त्यांनी चमचा रिकामा केला. आजोबा आले, "औषधाला हात आखडू नये," म्हणाले आणि मूठ उघडली. वर माझ्या काठावर टकटक! "काय रे गड्या, कसं वाटतंय?" अहो, त्याला कसं वाटणार? घुमटात डोकं घालून घंटा वाजवल्यासारखं! दुसऱ्या दिवशी आईला वाटलं, आपण कालचं मीठ विसरलोच. पुन्हा चमचा, पुन्हा चमचा, पुन्हा मूठ. कोणी कोणाला विचारील तर शपथ. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे एकाच घरचा पाहुणा पाहुणचाराने मरायला टेकला होता.

शेंदऱ्या एका कुशीवर कलंडला. कल्ले लोहाराच्या भात्यासारखे उडू लागले. मी आतल्या आत ओरडत होतो, "पुरे करा रे!" धाकटी माझ्या काठावर हनुवटी टेकून रडू लागली. टपटप आसवं पाण्यात. आता तेवढंच राहिलं होतं, तेही खारटच!

पण तोंड नसलं तरी चीर होती ना मला! तिच्यातून पाझरलेलं पाणी स्टुलावर वाळलं आणि काळ्या लाकडावर पांढरी रेघ उमटली. आई पुसायला आली. बोटाने खरवडून तिने जिभेला लावलं.

"अगं बाई! मीठ? चमचाभर मिठाचं एवढं?" ती वळली. "अहो, तुम्ही घातलंत?"

"रोज घालतोय. का, तूही घालत होतीस?"

पेपरामागून आजोबा म्हणाले, "मी आपलं मूठभरच."

धाकटीची मान खाली गेली. "मी पण... तुम्ही सगळे विसरता म्हणून."

आईने हातातलं फडकं स्टुलावर टाकलं. "अरे, माशाला बरं करताय की खारवताय?"

त्या दिवसापासून शेंदऱ्याला एकच वाली, धाकटी. थोडं थोडं पाणी काढायचं, थोडं थोडं ताजं घालायचं. माझ्यावर अर्धी ओढणी, अन्न चिमटीभर, टकटक बंद. आजोबांना तर लांब खुर्ची दिली. हळूहळू शेंदऱ्या सरळ झाला, कापूस गळाला, फाटल्या शेपटीला काचेसारखी नितळ, कोवळी किनार फुटली. किल्ला टाकीबाहेर गेला आणि शेंदऱ्या टाकीत.

मी पुन्हा जिन्याखाली आहे, मित्रांनो. मधे बाबा माझी चीर बुजवायला डिंक घेऊन आले होते. आई म्हणाली, "राहू द्या हो. या घरात वेळेवर बोललं ते तेवढंच."

म्हणून विनवतो, दुखणाऱ्या जिवाला जपा, पण आधी एकमेकांना विचारा. प्रत्येक घरात गळका टब असतोच असं नाही.