करंजाच्या चढावरचं मिसिंग

रतनभाईनं जीपच्या उघड्या बॉनेटवर ताडपत्री ओढली आणि कमरेपर्यंत आत शिरला. बाहेर तलासरीच्या हायवेवर ऊन रणरणत होतं. आत अंधार, पेट्रोलचा वास आणि म्हाताऱ्या इंजिनाची धडधड.

"सुनिल, ब्रेक दाबून धर. गिअरमध्ये टाकून क्लच अर्धा सोड," तो आतूनच ओरडला. "लोड येऊ दे जरा."

लोड आला आणि जीप फटफट करत ठेचकाळू लागली. उभ्या उभ्या शहाण्यासारखी चालणारी गाडी जोर लागला की मिसिंग मारायची. घोडं कुठं पेंड खातंय तेवढं शोधायचं होतं. तीस वर्षांत असल्या छप्पन्न गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या.

"मोकळी असली तरी चढं नाय, रतनभाई," सुनिल म्हणाला. "करंजाचा चढ. दर वेळी तेच वळण."

"चढावर मोकळी गाडीपण लोडवरच असते. भुताखेताची दवा माझ्या दुकानात नाय, बाबा."

भुताचं नाव सुनिलनं काढलंच नव्हतं. मागच्या सीटवर त्याची आई, काळी, सकाळपासून बसून होती. चहाला बोलावलं तरी खाली उतरली नव्हती.

नऊ दिवसांपूर्वी तिचा थोरला मुलगा विनोद ताडावरून पडला. कासाच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला घरी आणलं ते याच जीपमधून. गेलेल्या माणसाला घरी आणताना त्यांच्या पाड्यात प्रत्येक वळणावर नावानं हाक मारतात, नाहीतर तो वाट चुकून तिथंच राहतो. काळीनं एकेका वळणावर हाक मारली. करंजाच्या चढावर मात्र इंजिन गुदमरलं, सगळे उतरले, खांदे लावले, आरडाओरडा झाला आणि तेवढ्या एका वळणावर हाक मारायची राहिली. दारात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं.

उद्या त्याचे दिवस घालायचे होते. घरी न आलेल्याचे दिवस घालणार कसे? ज्या गाडीनं आणला त्याच गाडीनं न्यायला हवा, असं काळीचं म्हणणं. दोनदा ती जीप घेऊन गेली. दोन्ही वेळा त्याच वळणावर जीप अडली आणि उलटी घसरत खाली आली.

ताडपत्रीखाली रतनभाईला ते दिसलं. डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या झाकणावर निळी, केसाएवढी बारीक ठिणगी सरपटत होती. झाकण तडकलं होतं. जोर लागला की करंट प्लगकडे जायचा सोडून त्या तड्यातून पळत होता. तड्यावर काळा लेप भरलेला होता, आणि त्या लेपावर एका अंगठ्याचा ठसा होता.

अंगठा त्याचाच होता. होळीच्या गर्दीत नवं झाकण मिळालं नव्हतं, म्हणून त्यानं लेप भरून दिला होता. पंधरा दिवस चालव, मग बदलू, असं म्हणाला होता. मग ना सुनिल आला, ना रतनभाईनं आठवण केली.

तो बाहेर आला आणि उगीचच बराच वेळ हात पुसत राहिला. झाकण गेलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? पण म्हातारी त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याला लाज वाटली.

"आई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडी अडली ती माझ्या कामानं."

काळी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मग हाक तू मार."

दुकानामागच्या भंगार जीपचं धड झाकण काढून त्यानं बसवलं आणि सुनिलशेजारी जाऊन बसला.

करंजाचा चढ जीपनं दुसऱ्या गिअरवर लोण्यासारखा कापला. रतनभाई कान देऊन होता. चारही सिलिंडर एका तालात. वळणावर सुनिलनं इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. माणूस नाही काणूस नाही. करंजाचं पानही हलत नव्हतं. आपण हे काय करतोय, असं रतनभाईला वाटलं.

"विनोद," त्यानं हाक मारली. आवाज नीट फुटेना, म्हणून पुन्हा मारली. "विनोद, चल रे, घरी चल. गाडी नीट केलीय आता."

काहीच झालं नाही. मागे काळी तेवढी सीटवर जरा कडेला सरकली.

सुनिलनं क्लच सोडला. जीप हलली, दोन हात पुढे गेली आणि हळू पडत चालली. रतनभाईचा कान इंजिनाकडेच होता. मिसिंग नव्हतं. एकही ठिणगी चुकत नव्हती. मागचे स्प्रिंगचे पाटे मात्र कुरकुरत खाली बसले होते आणि इंजिन ओझ्यानं कण्हत होतं. सुनिलनं घाबरून त्याच्याकडे पाहिलं. रतनभाईनं मान वळवून मागं पाहायचं टाळलं.

"दुसऱ्यावर नाय खेचणार ती," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिला टाक. चौघं आहोत आपण."